ताग पिकत नव्हता, तरी तागाची राजधानी: एकोणिसाव्या शतकातलं डंडी

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर टे नावाची नदी समुद्राला मिळते. तिथं तिची खाडी चांगली रुंद होते आणि त्या खाडीच्या उत्तर काठावर डंडी हे बंदर आहे. १८०१ साली या गावात सुमारे २६ हजार माणसं राहत होती. शंभर वर्षांनी, १९०१ मध्ये, हा आकडा १ लाख ६१ हजारांच्या घरात गेला. एवढी माणसं तिथं जगली ती मुख्यतः एका धाग्यावर. तो धागा म्हणजे ताग.

डंडीच्या आसपास ताग पिकत नाही. तो पिकायचा बंगालमध्ये, गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या गाळाच्या जमिनीत. शेतकरी तो पावसाळ्यात कापायचे, कंबरभर पाण्यात उभं राहून कुजवायचे, साल सोलून धागा वेगळा करायचे आणि वाळवायचे. मग तो कलकत्त्यात दाबयंत्राखाली जायचा, त्याच्या घट्ट गासड्या बांधल्या जायच्या आणि जहाज आफ्रिकेला वळसा घालून स्कॉटलंडच्या थंड किनाऱ्याला लागायचं. तिथं त्याचं सूत व्हायचं, सुताचं गोणपाट व्हायचं, गोणपाटाची पोती शिवली जायची आणि ती पोती पुन्हा जहाजात भरून जगभर जायची.

कच्चा माल इतक्या लांबून आणून हा धंदा परवडत कसा होता? डंडीच्या इतिहासातला मला सर्वांत रंजक वाटणारा प्रश्न हाच आहे. त्याचं उत्तर शोधायला गेलं की देवमाशांची शिकार, रशियाशी झालेलं युद्ध, आयर्लंडचा दुष्काळ, बायकांची मजुरी आणि पार टेक्सासमधली गुरंसुद्धा समोर येतात.

आधी पोत्याचं महत्त्व लक्षात घ्यायला हवं. आज माल पुठ्ठ्यात, प्लॅस्टिकमध्ये, कंटेनरमध्ये जातो. एकोणिसाव्या शतकात यातलं फारसं काही नव्हतं. गहू, कॉफी, साखर, लोकर, खत, बटाटे, सिमेंट, जे काही हलवायचं ते एकतर लाकडी पिंपात किंवा पोत्यात. पिंप महाग आणि जड. त्यामुळे जगाचा व्यापार जसजसा वाढत गेला तसतशी पोत्यांची भूक वाढत गेली. साम्राज्याच्या भव्य कहाण्यांमध्ये पोत्याला कुणी जागा देत नाही, पण त्याच्याशिवाय ऑस्ट्रेलियाची लोकर किंवा ब्राझीलची कॉफी बंदरातून बाहेर पडली नसती.

तागाच्या आधीचं गाव

ताग येण्यापूर्वी डंडीला जाड्याभरड्या कापडाची सवय होतीच. हे कापड जवसाच्या जातीच्या झाडापासून निघणाऱ्या धाग्याचं असे. त्या धाग्याला फ्लॅक्स म्हणतात आणि त्याच्या कापडाला लिनन. लिनन म्हटलं की आपल्याला तलम, महागडे शर्ट आठवतात. डंडीचं लिनन तसं नव्हतं. इथं शिडांचं कापड, तंबूचं कापड, पोती आणि ऑस्नाबर्ग नावाचं खरखरीत, स्वस्त कापड विणलं जायचं. फ्लॅक्स बाल्टिक समुद्रापलीकडून, म्हणजे रिगा, सेंट पीटर्सबर्ग अशा बंदरांतून यायचा. डंडी पूर्व किनाऱ्यावर असल्यामुळे हा प्रवास तिच्या सोयीचा होता.

ऑस्नाबर्गचं मोठं गिऱ्हाईक कोण, हे सांगायलाच हवं. वेस्ट इंडीजमधल्या आणि अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळ्यांवर गुलाम म्हणून राबणाऱ्या माणसांच्या अंगावर हे कापड असे. मळेवाल्याला सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ कापड हवं असायचं, आणि डंडी ते पुरवायची. या गावाच्या भरभराटीचा पाया अशा व्यापारात आहे. तिथल्या मजुरांच्या हालांबद्दल पुढे वाचताना हेही सोबत राहू द्यावं.

या लिननच्या काळातच गावाला तीन गोष्टी मिळाल्या. जाडं सूत कातण्या-विणण्याचं कसब, वाफेवर चालणाऱ्या गिरण्या, आणि सुधारलेलं बंदर. थॉमस टेल्फर्ड या नामवंत अभियंत्याच्या आराखड्यावरून गोदी बांधली गेली. किंग विल्यम गोदी १८२५ मध्ये सुरू झाली, अर्ल ग्रे गोदी १८३४ मध्ये. पुढे तागाचा व्याप वाढल्यावर १८६५ मध्ये कॅम्परडाउन गोदी आणि १८७५ मध्ये व्हिक्टोरिया गोदी त्यात जमा झाल्या. भरती-ओहोटीच्या खाडीत ही गोदी फार उपयोगाची. दरवाजे बंद करून आतलं पाणी एका पातळीला धरता येतं, त्यामुळे ओहोटी असली तरी जहाज तळाला टेकत नाही आणि माल उतरवणं थांबत नाही.

देवमाशाचं तेल

ईस्ट इंडिया कंपनीने बंगालच्या तागाचे नमुने अठराव्या शतकाच्या शेवटीच ब्रिटनला पाठवले होते. १८२०च्या दशकात डंडीतल्या काहींनी त्यावर हात चालवून पाहिला. पण ताग काही केल्या यंत्रावर चढेना. त्याचा धागा लांब आणि चमकदार असतो खरा, पण कोरडा आणि कडक. फ्लॅक्सच्या यंत्रात घातला की तो तुटायचा, त्याचा भुसा व्हायचा.

उपाय गावातच होता. डंडी हे देवमाशांच्या, म्हणजे व्हेलच्या शिकारीचं जुनं बंदर. अठराव्या शतकाच्या मध्यापासून इथली जहाजं उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात जात आणि देवमाशाची चरबी पिंपांत भरून आणत. किनाऱ्यालगतच्या आवारांत ती मोठ्या कढयांत उकळून तेल काढलं जायचं आणि त्याची दुर्गंधी आसपासच्या वस्तीवर पसरायची. त्या भागात आजही एका गल्लीचं नाव ईस्ट व्हेल लेन आहे. तागाच्या गासड्या फोडून धाग्यावर पाणी आणि हे तेल शिंपडलं, ते मुरू दिलं आणि मग तो दातेरी रुळांतून दाबून काढला, तर धागा मऊ पडतो आणि यंत्रावर चालतो, हे १८३०च्या दशकात चांगलं जमलं. गिरणीत या कामाला बॅचिंग म्हणत.

इथं दोन धंद्यांनी एकमेकांना कसं तारलं ते पाहण्यासारखं आहे. देवमाशाच्या तेलाची मुख्य गरज होती दिव्यांसाठी. पण शहरांत गॅसचे दिवे आले, नंतर खनिज तेल आलं, आणि ब्रिटनमधल्या एकेका बंदराने ही शिकार सोडून दिली. डंडीत मात्र तागाच्या गिरण्या हेच तेल पिंपांनी विकत घेत होत्या. म्हणून बाकीची बंदरं मागे हटत असताना डंडी पुढे सरकली. १८५७ मध्ये ‘टे’ हे वाफेचं इंजिन बसवलेलं शिकारी जहाज इथून निघालं आणि हळूहळू सगळा ताफा वाफेवर आला. बर्फाच्या फटीतून वाट काढताना वाऱ्याची वाट पाहावी लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. ही जहाजं वसंतात न्यूफाउंडलंडला जाऊन सील मारायची, मग डेव्हिस सामुद्रधुनीत देवमाशांमागे जायची आणि शरद ऋतूत घरी परतायची.

बर्फाचा दाब सोसणारी लाकडी जहाजं बांधणारे कारागीर त्यामुळे डंडीत तयार झाले. पुढे दक्षिण ध्रुवाच्या मोहिमांत नावाजलेली ‘निम्रॉड’ आणि ‘टेरा नोव्हा’ ही जहाजं मुळात सील आणि देवमाशांच्या शिकारीसाठी इथंच बांधलेली. कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेसाठी ‘डिस्कव्हरी’ बांधायचं ठरलं तेव्हाही काम डंडीकडेच आलं आणि १९०१ मध्ये ते जहाज पाण्यात उतरलं. देवमाशांचं मात्र वाटोळं झालं. शतकाच्या शेवटी ते इतके कमी झाले होते की १८९२ मध्ये डंडीहून चार जहाजं थेट अंटार्क्टिकच्या समुद्रात पाठवून पाहिली. हव्या त्या जातीचे देवमासे तिथंही मिळाले नाहीत.

युद्धं आली की गिरण्या वाढायच्या

तेलाने यंत्राचा प्रश्न सोडवला. आता गिऱ्हाईक हवं होतं. ताग हा हलका माल, लिननमध्ये भेसळीला वापरतात, असं त्याचं नाव झालं होतं. १८३८ मध्ये डच सरकारने आपल्या पूर्वेकडच्या वसाहतींतल्या कॉफीसाठी तागाच्या पोत्यांची मोठी मागणी नोंदवली आणि तागाला बाजारात पत मिळाली. १८४०च्या सुमारास कलकत्त्याहून थेट डंडीला तागाची जहाजं येऊ लागली. त्याआधी तो लंडन, लिव्हरपूलमार्गे यायचा.

मग १८५४ साली ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरलं. ब्रिटन आणि रशिया समोरासमोर आल्यावर रशियाचा फ्लॅक्स आटला. ज्या गिरण्या अजून लिननला चिकटून होत्या त्यांनाही तागाकडे वळणं भाग पडलं, आणि त्याच वेळी सैन्याला वाळूची पोती हवी होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं तेव्हा तंबू, गाड्यांवरची आच्छादनं, पोती यांची मागणी इतकी वाढली की डंडीत नव्या गिरण्यांच्या चिमण्या एकापाठोपाठ एक उभ्या राहिल्या. याच युद्धामुळे अमेरिकेचा कापूस अडला आणि आपल्या मुंबईत कापसाच्या पैशाचा पूर आला होता, तो १८६५ मध्ये ओसरला आणि शहरभर लोकांचं दिवाळं निघालं. एकाच दूरच्या लढाईने मुंबई आणि डंडी या दोन्ही बंदरांत पैसा ओतला, हे फारसं कुणी एकत्र मांडत नाही. १८७०-७१च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाने डंडीला पुन्हा एकदा हात दिला.

या भरभराटीचं सर्वांत मोठं रूप म्हणजे लॉकी या उपनगरातला कॉक्स बंधूंचा कॅम्परडाउन कारखाना. तीस एकरांचं आवार, सुमारे पाच हजार कामगार, आत थेट येणारा स्वतःचा रेल्वेफाटा, कामगार मुलांसाठी शाळा. तागाचा जगातला सर्वांत मोठा कारखाना म्हणून त्याची ख्याती होती. १८६५-६६ मध्ये उभारलेली त्याची २८२ फुटी, रंगीत विटांची चिमणी अजून उभी आहे. १८८३ साली डंडीच्या गोदीत तागाच्या दहा लाखांहून अधिक गासड्या उतरल्या. एक गासडी ४०० पौंडांची, म्हणजे सुमारे १८० किलोंची. हमालांच्या किती पाठी त्यात वाकल्या असतील याचा अंदाज त्यावरून करता येतो.

गिरणीच्या आत

डंडीला समजून घ्यायचं तर जहाजांपेक्षा गिरणीच्या आत जास्त वेळ थांबायला हवं, कारण लांबून आलेला माल परवडण्याचं खरं कारण तिथं आहे. ते कारण म्हणजे स्वस्त मजुरी, आणि स्वस्त मजुरी म्हणजे बाया आणि पोरं.

बॅचिंग झालेला ताग कार्डिंग यंत्रावर जायचा. दातांच्या मोठ्या फिरत्या पिंपांवर तो विंचरला जायचा आणि त्याचा जाड, सैल पेळू निघायचा. असे पेळू एकत्र ओढून सारखे आणि बारीक करायचे, मग कताईच्या यंत्रावर पीळ देऊन सूत. सूत चात्यांवर गुंडाळलं की ताणा भरायचा, त्याला खळ द्यायची आणि मागावर कापड विणायचं. शेवटी मोठ्या रुळांतून दाबून त्याला सपाट, चकचकीत करायचं. कापडाची पोती काही यंत्रावर शिवली जायची, पण पुष्कळशी गावातल्या गरीब बायका घरी नेऊन हाताने शिवत. म्हाताऱ्या, विधवा, तान्ह्या मुलांच्या आया असं ज्यांना गिरणीत जाणं जमायचं नाही, त्यांच्या वाट्याला हे सगळ्यात कमी मजुरीचं काम यायचं.

कार्डिंगच्या खात्यात धूळ एवढी उडायची की नवीन माणसाला काही दिवस ताप यायचा. त्याला तिथं मिल फीव्हर म्हणत आणि तो येणारच असं धरून चालत. कताईच्या खात्यातली जमीन तेलकट आणि ओली, म्हणून मुली अनवाणी काम करत. मागाच्या खात्यात आवाज असा असायचा की शेजारणीला हाक मारून उपयोग नाही. बायका ओठांच्या हालचाली वाचायला शिकत आणि हातांच्या खुणांनी बोलत. काही वर्षांनी पुष्कळजणींना ऐकू येणं कमी व्हायचं. पहाटे गिरण्यांचे भोंगे वाजायचे आणि त्या आवाजाने सारं गाव उठायचं. गिरणगाव पाहिलेल्या मुंबईकराला हे भोंगे नव्याने सांगायची गरज नाही.

कामगारांत दर चौघांमागे साधारण तीन बायका असत. वरच्या जागा, म्हणजे ओव्हरसियर, यंत्रदुरुस्तीवाले, पुरुषांकडे. मुलग्यांना लहानपणी कामावर घ्यायचं आणि अठरा वर्षांचे होऊन ते पुरुषाची मजुरी मागू लागले की काढून टाकायचं, अशी पद्धतच होती. त्यातले अनेक सैन्यात भरती झाले. उरलेले लग्नानंतर घरी, आणि बायको गिरणीत. अशा नवऱ्यांना डंडीच्या बोलीत ‘केटल बायलर’, म्हणजे चहाची किटली उकळत घरी बसणारे, म्हणत. हे नाव चेष्टेचं असलं तरी त्यामागे एक सरळ हिशेब होता. मालक पुरुषाला पूर्ण मजुरीचं काम द्यायला तयार नव्हता.

पोटापुरती का होईना, पण स्वतःची कमाई असल्यामुळे डंडीच्या गिरणीवाल्या बायका निर्भीड म्हणून प्रसिद्ध होत्या. मालकाने मजुरी कापली तर त्या युनियनची वाट न पाहता काम टाकून रस्त्यावर येत, गाणी म्हणत, मिरवणूक काढून मालकाची टिंगल करत. सभ्य वर्तमानपत्रांना ते आवडत नसे. त्यांच्यातही उतरंड होती. मागावरची विणकरीण टोपी आणि हातमोजे घालून कामाला निघायची, तिच्या कामात कसब जास्त आणि पैसेही जरा जास्त. कातणारी शाल पांघरून यायची. दोघी एकाच गल्लीत राहत असल्या तरी एकमेकींत मिसळत नसत.

लहान मुलांसाठी ‘हाफ-टायमर’ पद्धत होती. अर्धा दिवस गिरणी, अर्धा दिवस शाळा. १८४४च्या कायद्याने आठ वर्षांच्या मुलालाही असं कामावर घेता येत असे. १८७४च्या कायद्याने ही मर्यादा दहावर नेली. मेरी स्लेसर ही पुढे पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलबारमध्ये मिशनरी म्हणून नाव कमावलेली बाई अकराव्या वर्षी डंडीतल्या बॅक्स्टर बंधूंच्या गिरणीत अशीच लागली होती. बाप दारूडा, आई गिरणीत. अर्धा दिवस राबून आलेलं मूल वर्गात काय शिकणार?

हे सारे लोक राहायचे कुठे? दगडी, चारमजली इमारतींत, एकेका किंवा दोन-दोन खोल्यांत. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचं पीक बुडून दुष्काळ पडला तेव्हा हजारो आयरिश माणसं डंडीत आली आणि त्यांत बायका फार होत्या, कारण काम बायकांना मिळत होतं. लॉकीचा एक भाग ‘लिटल टिपररी’ म्हणूनच ओळखला जाऊ लागला. पाणी अपुरं, संडास मोजके. बाळंतीण काही दिवसांत कामावर परतायची, तान्हं मूल म्हातारीकडे किंवा मोठ्या बहिणीकडे. स्कॉटलंडच्या शहरांत बालमृत्यूंसाठी डंडीचं नाव वाईट झालं. १९०५ मध्ये डंडी सोशल युनियन या समाजसेवी संस्थेने घराघरांत जाऊन केलेल्या पाहणीचा अहवाल छापला आणि तो वाचून गावाला स्वतःकडे पाहावं लागलं. या कामामागे मेरी लिली वॉकर ही डंडीचीच बाई होती. तिने पुढच्याच वर्षी तान्ह्या मुलांच्या आयांना पोटभर जेवण देणारी खानावळ सुरू केली.

पूल

बंदराला जहाजांइतकीच रेल्वेची गरज होती. दक्षिणेकडे एडिंबराला जायचं तर खाडी नावेने ओलांडावी लागे. म्हणून टे नदीवर जवळपास दोन मैलांचा रेल्वेपूल बांधला गेला, तेव्हाचा जगातला सर्वांत लांब. १८७८च्या जूनमध्ये तो सुरू झाला. अभियंता थॉमस बाउच याला राणीने ‘सर’ केलं. २८ डिसेंबर १८७९च्या संध्याकाळी वादळात पुलाचा मधला उंच भाग कोसळला आणि त्यावरून जाणारी गाडी खाडीत गेली. सुमारे ७५ माणसं होती, एकही वाचलं नाही. चौकशीत रचना, बांधकाम आणि देखभाल या तिन्हींत दोष निघाले. वाऱ्याच्या दाबाचा पुरेसा विचारच केला नव्हता. बाउच वर्षभरात वारला. बुडालेलं इंजिन मात्र वर काढून दुरुस्त केलं आणि ते पुढे कित्येक वर्षं धावलं. आजचा पूल १८८७चा. त्यावरून जाताना शेजारी पाण्यात जुन्या खांबांचे बुंधे रांगेत दिसतात.

पैसा कुठे गेला

बरेच गिरणीमालक गावात राहत नसत. धुरापासून चार मैल दूर ब्रॉटी फेरी नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात त्यांचे वाडे होते. त्यांनी गावाला काही दिलं नाही असं नाही. सर डेव्हिड बॅक्स्टर यांनी कामगारांसाठी दिलेली बाग १८६३ मध्ये खुली झाली, आणि मेरी अ‍ॅन बॅक्स्टर यांच्या देणगीतून १८८१ मध्ये निघालेल्या कॉलेजचं आज डंडी विद्यापीठ झालं आहे. ते कॉलेज सुरुवातीपासून स्त्री-पुरुष दोघांसाठी असावं अशी त्यांची अट होती, याचं मला फार मोल वाटतं.

पण नफ्याचा मोठा भाग गावाबाहेर गेला. १८७३ मध्ये रॉबर्ट फ्लेमिंग या तरुणाने, जो बॅक्स्टर घराण्याकडे कारकून होता, स्कॉटिश अमेरिकन इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट काढला. कल्पना आजच्या म्युच्युअल फंडासारखी. अनेकांचा पैसा गोळा करायचा आणि अमेरिकन रेल्वेच्या वेगवेगळ्या रोख्यांत विभागून गुंतवायचा, म्हणजे एक बुडाला तरी सगळं बुडत नाही. १८८२ मध्ये डंडीच्या भांडवलदारांनी मॅटाडोर नावाची कंपनी काढून टेक्सासमध्ये गुरांचे प्रचंड मळे घेतले. लॉकीतल्या मागांवर साठलेला पैसा तिथं गाईगुरांत लागला, आणि लॉकीतली घरं तशीच राहिली.

हुगळीच्या काठी

काही पैसा, आणि त्याहून जास्त ज्ञान, गेलं कलकत्त्याला. १८५५ मध्ये जॉर्ज अ‍ॅकलंड या इंग्रजाने हुगळीकाठी रिशडा इथं तागाची पहिली यांत्रिक गिरणी काढली. यंत्रं डंडीहून आणली होती. पुढे हुगळीच्या दोन्ही काठांना गिरण्यांची रांग लागली. त्यांची यंत्रं मोठ्या प्रमाणावर डंडीला लागून असलेल्या मोनिफीथच्या ओतशाळेत बनत. गिरण्यांचे मॅनेजर, इंजिनियर, ओव्हरसियर डंडीचेच. गावात ज्याला मजुरी वाढवून मिळत नव्हती तो तरुण हुगळीवर बंगला, नोकरचाकर आणि साहेबी थाट मिळवायचा. सामनगर आणि टिटागढच्या गिरण्या तर डंडीच्या भांडवलातून निघालेल्या. थॉमस डफ अँड कंपनी त्यांचा कारभार थेट डंडीतून पाहायची.

आता हिशेब उलटला. ताग गिरणीच्या दारात, मजुरी डंडीपेक्षाही कितीतरी कमी, कोळसा राणीगंजचा जवळ. बिहार, संयुक्त प्रांत, ओरिसा, आंध्रातून आलेले पुरुष कामगार लांबलचक पाळ्यांत राबत होते. १८९०च्या दशकात तिथं विजेचे दिवे आले आणि सूर्य मावळल्यावरही माग चालू राहिले. साध्या पोत्यांच्या बाजारात कलकत्त्याने डंडीला मागे टाकलं.

डंडीच्या मालकांनी लंडनकडे तक्रार केली की हिंदुस्थानातले कारखाने कामगारांना फार तास राबवतात, तिथंही ब्रिटनसारखे कडक कायदे लावा. मागणी रास्त होती, पण त्यामागची काळजी हुगळीच्या कामगाराची नव्हती. हीच माणसं आपल्या गावात दहा-अकरा वर्षांच्या पोरांना गिरणीत घेत होती. कलकत्त्याच्या मालकांनी आपली वजनदार माणसं पुढे केली आणि डंडीची मागणी फारशी पुढे सरकली नाही.

मग डंडी अधिक बारीक आणि रुंद मालाकडे वळली. गालिच्यांचं अस्तर, आणि खाडीपलीकडे फाइफ परगण्यात कर्कॉल्डीला बनणाऱ्या लिनोलियम या जमिनीच्या आच्छादनाचा तागाचा पाठीचा थर. हा माल रुंद मागांवर विणावा लागतो आणि ते कसब तिच्याकडे होतं, म्हणून ती टिकली. पहिल्या महायुद्धात खंदकांसाठी वाळूची पोती कोट्यवधींनी लागली तेव्हा डंडी आणि हुगळी दोन्हीकडे नफा झाला. त्यानंतर मात्र डंडीच्या गिरण्या एकेक करून मिटत गेल्या. फाळणीत तागाची बरीचशी शेतं पूर्व पाकिस्तानात गेली आणि गिरण्या भारतात राहिल्या, तो वेगळाच इतिहास. भारतात १९८७ पासून धान्य आणि साखरेच्या ठरावीक हिश्शासाठी तागाची पोती कायद्याने सक्तीची आहेत, आणि आपल्या साखर कारखान्यांना लागणारं हे बारदान आजही मुख्यतः हुगळीकाठच्याच गिरण्यांतून येतं. डंडीतली तागाची शेवटची गिरणी १९९९ मध्ये बंद झाली. १८३३ साली बांधलेल्या व्हर्डंट वर्क्स या जुन्या गिरणीत आता संग्रहालय आहे आणि तिथं ही सगळी यंत्रं, बॅचिंगपासून मागापर्यंत, क्रमाने पाहायला मिळतात.